अकोला हे गाडीचं माहेर

साठ सालाच्या आगेमागे आमच्या अमरावतीच्या घरासमोर एक दोन माणसांची, बिनटपाची इंग्रजी गाडी उभी असायची. येणारा-जाणारा आधी गाडीकडे बघायचा आणि मग घराकडे, की असली गाडी ठेवणारे लोक आहेत तरी कसे. लोक साधेच होते. सासरे वकील, आमचे हे कॉलेजात शिकवायचे, मी मुलींच्या शाळेत गाणं शिकवत होते. गाडी हा घरातला एकुलता एक अविचार होता.

तो अविचार यांनी अकोल्याहून आणला. तिथल्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्याचा गोरा साहेब विलायतेला परत जाताना गाडी मागे ठेवून गेला होता. तिचं मूळ इंजिन केव्हाच फुटलं होतं आणि त्या जागी कोणीतरी एका मोठ्या गाडीचं इंजिन बसवलं होतं. ते आत मावेना म्हणून बॉनेट ठोकून ठोकून त्याला टेंगूळ आणलेलं. यांनी त्यावर कडी केली. एक कार्बोरेटर होता तिथे दोन लावले. इंजिनाला हवा आणि पेट्रोल दोन वाटांनी मिळालं की ते कसं मोकळं धावेल, हे मला समजावून सांगत होते तेव्हा मामंजी ओसरीवरून म्हणाले, "बरी एका नाकानं श्वास घेऊन राहिली होती बिचारी. तुनं दुसरं नाक लावलं. आता दोन्ही चोंदतीन."

मामंजी, म्हणजे माझे सासरे, कानात कायम अत्तराचा फाया ठेवायचे. नको असलेलं त्यांना ऐकू यायचं नाही आणि हवं ते शेजारच्या घरातलंही ऐकू यायचं. कोर्टात या फायाचा त्यांना फार उपयोग होत असे, असं त्यांचे मित्र सांगत.

दोन कार्बोरेटर एका सुरात आणणं हे मोठं नाजूक काम. दोन्हींनी सारखीच हवा ओढली पाहिजे. त्यासाठी हे रबराच्या नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरत आणि दुसरं कानाला लावत. आधी एक, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. स्क्रू पिळपिळ पिळून त्यांचं काही जमेना. मी दारात उभी राहून ते पाहत होते. शेवटी मला राहवेना. मी म्हटलं, "उजवा चढा आहे." यांनी नळी माझ्या हातात दिली. दोन तंबोरे लावायचे तसे मी ते दोन कार्बोरेटर लावले. इंजिन शांत, एकसारखं फिरायला लागलं तेव्हा यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की तसं लग्नाच्या दिवशीसुद्धा पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून गाडी चालवून पाहायची असली की माझा कान बरोबर पाहिजेच, असं ठरून गेलं.

आणि इथूनच माझं सुख सुरू झालं. माझे वडील अकोल्याला एकटे राहायचे. आई जाऊन फार दिवस झाले नव्हते आणि मी एकुलती एक. आगगाडी होती, एसटी होती, पण त्या काळी सून दर आठवड्याला पिशवी घेऊन माहेरी निघाली असती तर गल्लीने चौकशी केली असती, की नांदत नाही की काय. सणावाराला जायचं, चार दिवस राहायचं, एवढीच रीत. नवऱ्याबरोबर गाडीची तब्येत बघायला जाणं मात्र कुठल्याच रीतीत बसत नव्हतं, म्हणून त्याला कोणाची हरकतही नव्हती. लांब पल्ल्याची परीक्षा कुठल्या रस्त्यावर घ्यायची हे यांनी मला विचारलं. मी म्हटलं, अकोल्याच्या.

दर रविवारी सकाळी आम्ही निघायचो. मामंजी व्याह्यांसाठी काही ना काही द्यायचे. दिवस संत्र्यांचे असले तर शेंदूरजनाघाटच्या पक्षकाराकडून आलेली टोपली सीटच्या मागे ठेवली जायची. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव, आणि जेवणाच्या वेळेला अकोला. वडील ओसरीवर वाती वळत बसलेले असायचे. ते संस्कृतचे शिक्षक, निवृत्त झालेले. वाती वळणं हे आईचं काम होतं, तिच्यामागे ते त्यांनी घेतलं. आईची कापसाची पितळी डबी त्यांच्या मांडीशी असायची. वाती त्यांच्या जाडजूड व्हायच्या आणि निरांजनात फडफडायच्या, पण मी कधी बोलले नाही.

जाताना गाडी सुरेख पळायची. येताना बंद पडायची.

दर खेपेला येतानाच. मूर्तिजापूरच्या अलीकडे किंवा पलीकडे ती दोन आचके द्यायची, फुरफुरायची आणि गप्प व्हायची. हे उतरून बॉनेट उघडत. यांचं निदान पक्कं होतं: वऱ्हाडातलं ऊन, इंजिनाची धग, त्यामुळे नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि पंप ती ओढू शकत नाही. उपाय म्हणजे ओलं फडकं. सुरईतलं पाणी ओतून फडकं पंपावर गुंडाळायचं आणि निंबाच्या सावलीत बसायचं. थोड्या वेळाने गाडी खरोखर सुरू व्हायची. मग काय, हे विजयी मुद्रेने माझ्याकडे बघायचे. दोन-तीन मैलांवर पुन्हा तेच. प्यायचं पाणी पंपाला आणि आम्ही कोरडे.

घरी आल्यावर मामंजी विचारायचे, "आज कुठी थांबली?" आणि उत्तर ऐकून म्हणायचे, "बरोबर हाय. तिचंबी माहेर अकोलाच. सोडवत नसन."

मला ती थट्टा आवडायची. रागही यायचा, कारण परतताना मीच गप्प होऊन बसलेली असायचे आणि ते त्यांना ठाऊक होतं.

आठवड्यात गाडी मेस्तरीकडे जायची. त्याने पंपाचे पॉइंट घासले, प्लग बदलले, दोन्ही कार्बोरेटर खोलून जेट फुंकले, सायकलच्या पंपाने टाकीच्या नळीत उलटी हवा मारली. पेट्रोल गाळायच्या काचेच्या वाटीत दर वेळी पांढरे तंतू सापडायचे. "हे काय?" मी विचारलं. तो म्हणाला, "रुई हाय बाई. वऱ्हाडात हवेतच रुई. माह्या चहातबी असते." ते अगदी खरं होतं. हंगामात जिनिंगच्या बाजूने वारा आला की आमच्या वाळत घातलेल्या पापडांवरसुद्धा ही कापसाची रुई बसायची. तेव्हा आम्ही कोणीच पुढे विचार केला नाही.

मग थंडी आली. अंगावर शाल, हातात लोकरीचे मोजे, आणि गाडी मूर्तिजापूरपाशी बंद. हे सवयीने फडकं भिजवायला निघाले तेव्हा मात्र माझा तोल गेला. माझा राग फोडणीसारखा आहे, तडतडतो आणि घरभर जातो. मी म्हटलं, "इथे माझे दात वाजताहेत आणि तुम्ही त्या पंपाला गार फडकं लावताय? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!" हे फडकं हातात घेऊन तसेच उभे राहिले. त्यांच्या निदानाची वाफ झाली होती. त्या दिवशी एका कापसाच्या गाडीवानाने आम्हाला बैलांमागे बांधून मूर्तिजापुरात नेलं, आणि ते पाहायला मामंजींचे एक पक्षकार स्टँडवर हजर होते.

दुसऱ्या दिवशी मामंजींनी थट्टा केली नाही. जेवण झाल्यावर म्हणाले, "सून रस्त्यावर उभी राहते, हे मले पटत नाही. येत्या रविवारी गाडी न थांबता गेली अन् न थांबता आली तर ठेव. नाही तर इकून टाक. गिऱ्हाईक मी पाहून ठेवलं हाय."

मी भांडी उचलून आत गेले. गाडी गेली तर दर रविवारचं अकोला गेलं, हे मला कोणी सांगायला नको होतं. वडील ओसरीवर बसून रस्त्याकडे बघतील आणि मग संक्रांतीची वाट पाहतील, असं डोळ्यांसमोर आलं आणि मी भांडी जरा जास्तच आपटली.

तो रविवार उजाडला. गाडी नेहमीप्रमाणे छान गेली. जेवणं झाली. हे आत लवंडले होते, मी निघायची तयारी करत होते. पाण्याची सुरई ठेवायला बाहेर आले तर वडील गाडीच्या मागे वाकलेले. एका हातात आईची डबी, दुसऱ्या हातात कापसाचा चांगला लिंबाएवढा बोळा. त्यांनी पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं, बोळा तोंडाशी नीट दाबला आणि वरून झाकण लावलं. देवाचं काही करावं इतक्या हळू हातांनी.

"बाबा, हे काय करून राहिले तुमी?" अकोल्याला गेलं की माझी भाषा अकोल्याची व्हायची.

"अवं, या झाकणातलं रबर गेलं हाय. वास येते पेट्रोलचा. जावईबापू विडी वढणाऱ्या माणसाजवळ उभे राह्यले अन् भडका उडाला तं? म्हणून मी बोळा घालत असतो."

"कधीपासून?"

"पयल्यापासून. दर रविवारी."

"मंग मागच्या रविवारचा बोळा कुठी गेला?"

त्यांनी झाकणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "उडून गेला असन," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

मी यांना हाक मारली ती शेजारच्यांनाही ऐकू गेली. हे आले, ऐकलं, आणि घरातली छत्रीची एक काडी वाकवून त्यांनी आकडा केला. टाकीचं तोंड रुंद होतं. आकडा आत गेला आणि पहिला बोळा बाहेर आला, पेट्रोलने निथळणारा. मग दुसरा. मग तिसरा, अर्धवट विसकटलेला, आणि त्यामागून आधीच्या रविवारांचे नुसते तंतू. वडील पायरीवर बसून एकेक निघताना बघत होते, जणू त्यांच्या वर्गातल्या पोरांच्या चुका कोणी मोठ्याने वाचत होतं.

आता सगळं लख्ख दिसत होतं. येताना हादऱ्यांनी बोळा आत पडायचा. टाकी अर्ध्यावर आली की सगळे बोळे नळीच्या तोंडाशी ओढले जायचे आणि पेट्रोल बंद. गाडी थांबली की ओढ संपायची, बोळे सुटायचे, आणि आम्हाला वाटायचं फडक्याने काम केलं. मेस्तरी उलटी हवा मारायचा, बोळे बाजूला व्हायचे, म्हणून रविवारी भरल्या टाकीने जाताना त्रास नाही. झाकण लावलेल्या टाकीत कापूस घालेल कोण, हा प्रश्न कोणाला पडलाच नव्हता. वऱ्हाडात फट दिसली की कापूस, ही आमची जन्माची सवय.

मला वडिलांचा राग आला आणि त्याच वेळी रडू आलं. मी सुखरूप घरी पोचावं म्हणून ते दर रविवारी आईच्या डबीतला कापूस घालत होते आणि त्यानेच मी रस्त्यात उभी राहत होते. हे मात्र हसायला लागले. हसता हसता माझ्या वडिलांच्या शेजारी पायरीवर बसले आणि म्हणाले, "बाबा, वाती तरी वळून टाकायच्या होत्या." मग वडीलही हसले. जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून यांनी झाकणात बसवला. वास थांबला.

परतताना गाडी मूर्तिजापूरवरून अशी गेली, की त्या नेहमीच्या निंबाकडे मला वळून बघावं लागलं. हे शीळ घालत होते. मी आधी खूश होते, पण बडनेऱ्याच्या आसपास मनात वेगळंच आलं. गाडी राहिली, हे खरं. पण गाडी बरी झाली होती. बऱ्या गाडीची परीक्षा कोण घेतं? आता कोणत्या निमित्ताने जायचं? आजारपण संपलं तसं माहेरही संपलं, असं मला वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

मामंजी ओसरीवर होते. उन्हं असतानाच आम्ही आलेले पाहून त्यांनी चष्मा वर केला. यांनी त्यांना सगळं सांगितलं. बोळे, डबी, छत्रीची काडी. मामंजी बराच वेळ हसले, मग म्हणाले, "म्हणजे आता काही दुखणं नाही?"

"काही नाही," हे म्हणाले. मी आत गेले.

पुढचा आठवडा कोणी अकोल्याचं नाव काढलं नाही. रविवारी सकाळी मी पोळ्यांची कणीक भिजवली, सगळ्यांसाठी, घरात जेवायला. तेवढ्यात मामंजींनी यांना बाहेर बोलावून गाडी सुरू करायला लावली. ते बॉनेटजवळ गेले, कानातला फाया काढून हातात घेतला आणि मान तिरपी करून ऐकत उभे राहिले.

"टकटक करून राहिली," ते म्हणाले.

"तो पंपाचा आवाज आहे, बाबा. तो तसाच असतो."

"तुले काय समजते? यात सूनबाईचा कान पाह्यजे. सूनबाई, इकडे या. बराबर हाय का हा आवाज?"

मी पिठाच्या हातांनी दारात आले. इंजिन सुरात होतं. इतकं सुरात मी त्याला कधीच ऐकलं नव्हतं. खोटं बोलावं असं फार वाटलं, पण सुराच्या बाबतीत मला ते जमत नाही. मी म्हटलं, "मामंजी, आवाज अगदी बरोबर आहे. आता काही बिघाड राहिला नाही."

मामंजींनी फाया पुन्हा कानात घातला, नीट दाबून. "काय म्हणता? बिघाड हाय? मले वाटलंच होतं," ते म्हणाले. "जा, अकोल्यापर्यंत चालवून पाहा."

हात धुऊन मी गाडीत बसायला गेले, तर सीटच्या मागे संत्र्यांची टोपली आधीच ठेवलेली होती, वरून ओलं फडकं झाकून. ती गाडी आमच्याकडे होती तोवर मामंजींच्या लेखी कधीच दुरुस्त झाली नाही.