तीस नंबरची बाई

लातुरात दस्तगीर फोटोवाल्याचं दुकान शोधायला कुणाला पत्ता विचारावा लागत नसे. शिकवणीवर्गांच्या गल्लीच्या तोंडाशी, झेरॉक्सच्या दोन दुकानांच्या मधे चेंगरून बसलेली ती एक अरुंद खोली. जून लागला की पायऱ्यांवर पोरापोरींची रांग लागायची. भोकर, किनवट, देगलूर, कुठून कुठून आलेली पोरं. कुणाला स्वतःलाच डॉक्टर व्हायचं असायचं, कुणाच्या बापाला व्हायचं राहून गेलेलं असायचं. फॉर्मवर लावायचा फोटो, मागे पांढरा पडदा, दोन्ही कान दिसले पाहिजेत, खाली नाव आणि तारीख. दस्तगीर प्रत्येकाला म्हणायचा, "आता हसू नको बेटा, निकाल लागल्यावर हस." तीसेक वर्षांच्या धंद्यात त्याने हा एकच विनोद केला, पण दिवसातून शंभरदा केला.

माणूस शिस्तीचा. फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने नंबर, वहीत त्या नंबरापुढे नाव, आणि वही कपाटात कुलपाखाली. नावापेक्षा नंबरावर त्याचा भरवसा जास्त. एका वर्गात पाच पूजा निघतात, पण सतरा नंबर एकच असतो, असं त्याचं म्हणणं. निगेटिव्हचा जमाना गेला, कॉम्प्युटर आला, तरी ही सवय सुटली नाही. उलट फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये फायलींना आपोआप नंबर पडतात हे कळल्यावर तो हरखून गेला होता. एक बटण दाबलं की दोनशे पोरं ओळीने उभी, एक ते दोनशे. वहीसुद्धा लागत नाही, आपल्या हातापेक्षा मशीन बरं, असं तो येईल त्याला सांगत सुटला.

पुढे या बटणानेच त्याला रडवलं.

दोन हजार सोळा सालच्या जूनमध्ये एका शिकवणीवर्गाने एकशेऐंशी पोरांचे फोटो एकदम काढून घेतले. हजेरीच्या यादीप्रमाणे एकेक जण आला, बसला, गेला. दस्तगीरने फोटो कॉम्प्युटरवर घेतले. एकाचे डोळे मिटलेले निघाले म्हणून तेवढा उडवला, 'पुन्हा बोलावू' म्हणाला आणि विसरला. मग नेहमीचं बटण दाबलं. यादीतली नावं फोटोखाली चढवायचं काम त्याच्या मुलीचं, जेबाचं. ती दुपारी जेवण झाल्यावर मशीनवर बसली आणि थोड्याच वेळात कपाळावर हात मारून घेतला.

"अब्बा, हे बघा. अंकिताला मिशा फुटल्या."

बासष्टाव्या नंबरापासून पुढे सगळ्यांची नावं एकेक घर सरकली होती. मुलीच्या नावावर मुलगा आणि मुलाच्या नावावर भलताच मुलगा. दस्तगीर आधी मशीनवर चिडला, मग वर्गावर. जेबाने त्याला शांतपणे समोर बसवलं.

"मशीनचा काय दोष हाय? तुम्ही खराब फोटो आधी काढून टाकला अन् मग नंबर टाकायला लावले. मधून कोण गेलं हे त्याला काय ठाऊक? त्यानं मागच्याला पुढं ओढून जागा भरली. हे आपोआप नाव देणं बंद करून ठेवायचं. कॅमेऱ्यानं दिलेला मूळ नंबर हाय तसाच राहू द्यायचा. मग एखादा काढला तरी त्याची जागा रिकामी दिसती. रिकामी दिसली की कळतं, इथं कुणीतरी होतं."

तिने दोन ठिकाणच्या खुणा काढल्या, 'मूळ नाव कायम' यावर खूण केली आणि चहा टाकायला आत गेली. दस्तगीर मात्र तिथेच बसून राहिला. 'मागच्याला पुढं ओढून जागा भरली' हे त्याच्या डोक्यातून जाईना. टेबलावर काचेखाली श्रीशैलने दोन दिवसांपूर्वी आणून दिलेला लहानसा काळा-पांढरा फोटो होता. त्याच्या पाठीवर दस्तगीरच्याच अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं होतं : तीस.

हा श्रीशैल म्हणजे किल्लारीच्या खालच्या अंगाच्या नागूरवाडीचा. भूकंप झाला तेव्हा दीड वर्षाचा होता. आईला दुसऱ्यांदा दिवस गेलेले, तिला झेपेना, म्हणून नात्यातले एक आजोबा त्याला आठ दिवसांसाठी उदगीरला घेऊन गेले होते. ते आठ दिवस कधी संपलेच नाहीत. घर गेलं, आईबाप गेले, आईचं माहेर शेजारच्याच गावात होतं, तेही गेलं. उदगीरला त्या आजोबांच्या बायकोने, गौरम्मा आजीने, त्याला वाढवला. दोन हजार आठ साली तो अकरावीच्या शिकवणीला लातुरात आला, फॉर्मचा फोटो काढायला दस्तगीरसमोर बसला, आणि गावाचं नाव ऐकून दस्तगीरचा हात कॅमेऱ्यावरच थांबला.

कारण भूकंपाच्या दीडएक महिना आधी, श्रावणात, दस्तगीर नागूरवाडीला गेला होता. तिथे बायकांचा साक्षरतेचा वर्ग चालायचा. एकतीस बायका नाव लिहायला शिकल्या होत्या. त्यांच्या प्रमाणपत्रावर लावायला फोटो हवे होते. शाळेच्या भिंतीपुढे खुर्ची टाकली, वर्ग घेणाऱ्या बाई यादी वाचत गेल्या आणि दस्तगीर फोटो काढत गेला. बायकांचा हट्ट एकच, पाटी हातात पाहिजे. आपलं नाव आपण लिहिलंय, ते फोटोत आलं पाहिजे. दस्तगीरने हो हो म्हटलं आणि लातूरला येऊन फोटो मोठे करताना चेहरा तेवढा ठेवून पाटी कापून टाकली. प्रमाणपत्राच्या चौकटीत पाटी मावत नव्हती. गणपती झाल्यावर फोटो नेऊन देणार होता. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटेच गाव बसलं.

त्यानंतर कितीतरी महिने पत्र्याच्या शेडमधून माणसं त्याच्याकडे येत राहिली. घरातलं सगळं ढिगाऱ्यात गेलेलं. बायकोचा, सुनेचा, बहिणीचा चेहरा उरला होता तो फक्त दस्तगीरच्या पाकिटात. त्याने कुणाकडून काही घेतलं नाही. यादी बघायची, नंबर काढायचा, फोटो हातात द्यायचा. काही फोटो न्यायला कुणी आलंच नाही. न्यायला कुणी उरलं नव्हतं. तीस नंबर त्यातलाच.

पंधरा वर्षांनी तो नंबर न्यायला सोळा वर्षांचा पोरगा आला. त्याच्या आईचं, तारामतीचं नाव यादीत तीस नंबरला होतं. दस्तगीरने फोटो दिला तेव्हा श्रीशैलने तो तोंडासमोर धरला आणि कितीतरी वेळ खाली घेतलाच नाही. गौरम्माने तारामतीला एकदाच, लग्नात, डोक्यावरून पदर घेतलेली बघितली होती. पोराचं तोंड बघून तीही म्हणाली, हाव, अशीच होती. गावात वाचलेल्यांना भूकंपाआधी तीनच वर्षं खालच्या आळीत आलेली सून धड आठवत नव्हती. तेव्हापासून श्रीशैल रोज सकाळी त्या फोटोपुढे विभूती लावायचा. आता तो त्याच गल्लीत रसायनशास्त्र शिकवत होता, गौरम्मा दोन वर्षांपूर्वी गेली होती आणि दहा दिवसांवर त्याचं लग्न होतं. मांडवात आईच्या जागी खुर्चीवर ठेवायला त्याला हा फोटो मोठा करून हवा होता.

लहान फोटोवरून मोठा काढला असता तर चेहरा फुटला असता. म्हणून दस्तगीरने कपाट उघडून त्या दिवसाचं निगेटिव्ह काढलं. जेबाने पट्ट्या स्कॅनरवर घातल्या. यावेळी आपोआप नंबर नव्हते. निगेटिव्हच्या कडेला कंपनीने छापलेले आकडे असतात, तेच फायलींना नाव म्हणून द्यायचं ठरलं. जेबा एकेक आकडा टाकत गेली आणि दस्तगीर जुनी वही समोर धरून बसला.

तिसाव्या आकड्याशी फोटो खराब निघाला. बाई हललेली. एकतिसावा स्वच्छ होता. श्रीशैलने आणलेला चेहरा हाच, भरल्या गालांचा, नाकात मोठी नथ. फक्त आता खाली पाटी पण होती. जेबाने चित्र मोठं केलं. पाटीवर वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं होतं, शिवगंगा.

"अब्बा," जेबा म्हणाली, "ही तारामती न्हाई."

तिने मागचा खराब फोटो मोठा केला. त्यात बाईच्या मांडीवर एक लेकरू होतं. त्याने दोन्ही हातांनी पाटी ओढली होती आणि बाईने नेमकी त्याच क्षणी मान खाली घातली होती. चेहऱ्याच्या जागी नुसता पांढुरका पट्टा. पाटी मात्र तिने घट्ट धरून ठेवली होती, आणि पाटीवर तारामती स्पष्ट वाचता येत होतं.

त्र्याण्णव साली कॉम्प्युटर नव्हता, पण दस्तगीरने हेच केलं होतं. खराब फोटो बाजूला टाकला आणि चांगल्या फोटोंना ओळीने नंबर दिले. शिवगंगा तारामतीच्या जागेवर जाऊन बसली. फोटो तीस, नावं एकतीस. शेवटच्या बाईचा फोटो राहिला असेल, असं त्याने तेव्हा ठरवून टाकलं.

आणि मग त्याला विरूपाक्ष आठवला. शिवगंगाचा नवरा. शेडमधून तीन वेळा आला होता तो, टोपी हातात घेऊन.

"सायब, ती बसली होती फोटोला. घरी येऊन सांगितलं तिनं. एकदा अजून बघा की."

"एकतीस नंबर न्हाई बाबा. रोल संपला आसंल."

रोल छत्तीसचा होता. मागे पाच फोटोंची जागा कोरी होती, आणि हे कळायला निगेटिव्ह उजेडात धरणं पुरेसं होतं. नाही तर सगळे तीस चेहरे टेबलावर मांडून 'यातली कोणती' एवढं विचारायचं. दस्तगीरने ते केलं नाही, कारण नंबर नव्हता. विरूपाक्ष चार वर्षांपूर्वी बायकोचा चेहरा परत न बघताच मेला. दस्तगीरला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. तो तोंड धुवायला गेला आणि नळ चालू ठेवून तिथेच उभा राहिला.

जेबाने दोन दिवस त्याला समजावलं. "लग्न तोंडावर आलंय त्याचं. आठ वर्षं तो हिलाच आई म्हणत राहिला. हाच मोठा करून द्या. कुणाला कळणार हाय?"

तिचं बोलणं वाईट नव्हतं, आणि दस्तगीरला ते पटलंही. त्याने एकतिसावा फोटो मोठा केला, पाटी कापली आणि फाइलीला नाव द्यायची चौकट उघडली. मशीनने काही विरोध केला नाही. आपण टाकू ते नाव ते घेणार होतं. त्याने 'तारामती' एवढं टाइप केलं. मग एकेक अक्षर पुसून टाकलं.

रविवारी श्रीशैल आला. दस्तगीरने त्याला बसवलं आणि दोन्ही फोटो समोर ठेवून सगळं सांगितलं, विरूपाक्षसुद्धा. मधे एकदाही थांबला नाही, कारण थांबला असता तर पुढचं बोलता आलं नसतं.

श्रीशैलने शिवगंगाचा फोटो उचलला.

"आठ वर्षं, चाचा," तो म्हणाला. "बारावीचा निकाल हिलाच दाखवला मी. नोकरी लागली ते हिलाच सांगितलं." त्याचा आवाज चढला. "एकदा निगेटिव्ह बघायला काय झालं होतं तुम्हाला?"

"काई न्हाई झालं होतं. बघितलं न्हाई, एवढंच."

"हिचं कुणी हाय का आता?"

"कुणी न्हाई."

त्याने शिवगंगाचा फोटो रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. मग दुसरा फोटो ओढून घेतला आणि त्या पांढुरक्या पट्ट्यावर बोट ठेवलं.

"हे लेकरू मी आसंन."

"हाव. तूच."

"म्हणजे मीच हलवलं तिला."

"तू कुठला? मी दुसरा फोटो घ्यायला पाहिजे होता," दस्तगीर म्हणाला. "फिल्म वाया गेली म्हणून चिडलो मी. लेकरू आवरा म्हणून ओरडलो तिच्यावर."

श्रीशैलने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत एकदम आशा आली.

"म्हणजे तुम्ही बघितलं तिला. समोरच होता की तुम्ही. कशी होती, चाचा?"

दस्तगीरने डोळे मिटले. शाळेची चुन्याची भिंत आठवली, बाईंची छत्री, मागे खिदळणाऱ्या बायका, खुर्चीचा डुगडुगणारा पाय. स्वतःचं ओरडणंही आठवलं. चेहरा आठवेना. त्याने पुन्हा पुन्हा त्या खुर्चीकडे बघितलं, खुर्ची रिकामीच होती. गोरी होती, डोळे मोठे होते, तुझ्यासारखी हसायची, काहीही सांगितलं असतं तरी खोटं ठरवायला जगात कुणी उरलं नव्हतं. समोर पोरगं वाट बघत होतं.

"आठवत न्हाई बेटा."

"साडी? कोणत्या रंगाची होती?"

"ते बी न्हाई."

बाहेर पायऱ्यांवर पोरांचा गलका चालू होता. जेबाने दारातूनच त्यांना अर्ध्या तासाने या म्हणून सांगितलं. श्रीशैलने फोटो उजेडाकडे धरला, जवळ घेतला, लांब धरला. चेहऱ्यापाशी बघायचं त्याने सोडून दिलं आणि खाली पाटीकडे बघायला लागला.

"हाच मोठा करा," शेवटी तो म्हणाला. "चेहरा न्हाई तर न्हाई. हे हात तर तिचेच हायत न, चाचा?"

"हाव," दस्तगीर म्हणाला, आणि एवढं एकच खात्रीने सांगता आलं म्हणून त्याला रडू आवरेना. "हात तिचेच हायत."