रविवारची पळी आणि व्याह्यांच्या तिसऱ्या

आमच्या घरात रविवारचं मटण मी करतो. आई गेल्यापासून पळी माझ्याच हातात. ती मी बायकोला दिली नाही, तर सुनेला कुठली देणार? आम्ही कोल्हापूरचे, सून रत्नागिरीची.

गेल्या थंडीत तिचे वडील, म्हणजे आमचे व्याही, एसटीनं आले ते ओल्या पोत्यात तिसऱ्या घेऊन. खाडीतल्या बारक्या शिंपल्या, आत इवलंसं मांस. सून म्हणाली, या मी करते. मी म्हटलं, आज रविवार हाय.

तेवढ्यात इटलीत शिकणाऱ्या नातीचा फोन आला. तिकडंही अशा शिंपल्या शेवयांत घालून खातात म्हणे. पण त्या मूळच्या तिथल्या नव्हेत. परमुलखातनं आणून खाडीत पाळल्या, त्या हद्द सोडून अशा पसरल्या की तिथल्या जुन्या जातीला जागाच उरली नाही.

"म्हंजे पावणी आली आणि घरमालकीण झाली की," मी जरा मोठ्यानंच म्हणालो.

सून नारळ फोडत होती. तो तिनं जरा जोरात फोडला.

मी परड्यात चूल पेटवली. कांदा-लसूण चटणी, तीळ, सुकं खोबरं, सगळं मटणासारखं. शिंपल्यांनी केव्हाच तोंडं उघडली, पण मांस काही मऊ पडेना. मटण मऊ पडेना तर आपण काय करतो? जाळ वाढवतो. मी वाढवत गेलो, ते घट्ट होत गेलं. सून येऊन बास म्हणून गेली. मी ऐकतोय होय?

जेवायला बसलो. व्याह्यांनी एका शिंपलीतलं मांस तोंडात टाकलं आणि चावतच राहिले.

"रस्सा फक्कड झालाय, व्याही," शेवटी ते म्हणाले. "आत चप्पल मात्र अस्सल कोल्हापुरी घातलीत."

माझा पोरगा ठसका लागेपर्यंत हसला. सुनेनं अर्ध्या तिसऱ्या आधीच बाजूला ठेवल्या होत्या. ओलं खोबरं, आमसूल घालून, आमची भाकरी संपायच्या आत तिनं त्या करून आणल्या. मी ताट पुढं केलं नाही. तिनं विचारलं नाही, वाढलं. दुसऱ्यांदा मात्र ताट मीच पुढं केलं.

"मग आबा, पळी कुणाकडं?" सुनेनं विचारलं.

"मटण असंल तर माझ्याकडं."

"आणि तिसऱ्या असल्या तर?"

"चूल पेटवून देतो की."

आता व्याही पोत्याशिवाय येत नाहीत, आणि येतातही वरचेवर. मटणाचा रविवार कधीमधी उगवतो. जाळाला मात्र मी अजून कुणाला हात लावू दिलेला नाही.