मी ‘अखंड’ म्हणाले

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. आज तुम्हाला का सांगतेय? खरंच माहीत नाही.

परळच्या आमच्या प्रयोगशाळेत जातिवंत गाईचे गर्भ काढून दुसऱ्या गाईंच्या पोटात ठेवतात. गर्भ म्हणजे काय — सूक्ष्मदर्शकाखाली एक इवलासा गोल, भोवती काचेसारखं कवच. आईला रोग असला तरी कवच धड असेल तर गर्भ पुन्हा पुन्हा धुऊन वापरता येतो. कवचाला तडा असेल तर मात्र कितीही धुवा, रोग आत शिरलेला असू शकतो. असा गर्भ टाकूनच द्यायचा.

तपासायची मी, धुवायची सुनीता. गर्भ सगळ्या बाजूंनी फिरवून पाहायचा आणि मोठ्याने ‘अखंड’ म्हणायचं, ही आमची रीत. त्यावर सुनीता हसून ‘सौभाग्यवती भव’ म्हणायची आणि कामाला लागायची. दर धुण्याला नवं पाणी, नवी नळी. मी चिडवायचे — बाई गं, एवढं सोवळं आमच्या गिरगावातही कुणी पाळत नाही!

त्या दुपारी एका म्हाताऱ्या, आजारी गाईचा एकच गर्भ हाती लागला होता. मी बघत बसले. किती वेळ, कोण जाणे. रस्त्यावरचे आवाज विरून गेले, मीच त्या उजेडात तरंगतेय असं वाटलं. मग तो हळूच वळला — आणि पलीकडे केसाएवढी रेघ. तडा. दिसला मला, नीट दिसला. पण इतकं सुंदर काही फेकून द्यायचं? जिवावर आलं.

‘अखंड,’ मी म्हणाले.

ज्या गाईत तो ठेवला, ती गाभडली. मग त्या गोठ्यातल्या आणखीही गाभडल्या. धुण्यात हयगय झाली, असं चौकशीत ठरलं. मी तिथेच बसले होते. तोंड का उघडलं नाही? घाबरले, दुसरं काय. सुनीताचं काम काढून घेतलं आणि थोड्याच दिवसांत तिने नोकरी सोडली.

परवा दादरला भाजी घेताना भेटली. माझा हात घट्ट धरला तिने. म्हणाली, “अजून आठवत बसते गं, कुठली नळी बदलायची राहिली... सापडतच नाही. माझंच चुकलं ना? खरं सांग.”

मी म्हणाले, “जाऊ दे गं. चुकतं माणसाचं.”

तिचे डोळे भरून आले. “सगळे बोलले मला. एक तूच कधी बोल लावला नाहीस.”

मी मान डोलावली.