पानावरून न उठवणारा निन्जा

आमच्या घरमालकांइतका निरुपद्रवी निन्जा खुद्द जपानातही झाला नसेल. बेंगळुरूच्या मल्लेश्वरममध्ये ते, म्हणजे अण्णा, खाली राहायचे, आम्ही वर. दर रविवारी दुपारी मी, बायको आणि दोन मित्र टेबलाभोवती बसून निन्जांचा खेळ खेळायचो: आपला निन्जा काय करतो ते प्रत्येकाने सांगायचं, जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. खेळ बायको चालवायची, म्हणजे सगळे शत्रू तिचे. आवाजाची तक्रार करायला अण्णा एकदा वर आले, "स्वल्प बघतो" म्हणून टेकले, ते दर रविवारी टेकू लागले. सत्तरी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे. "उड्या तुम्ही मारा रे, मी बसल्या जागी माया करतो," म्हणाले.

मायेचा नियम सोपा. शत्रूला नसलेलं दाखवायचं; तो भुलला की बाकीच्यांनी वार करायचा. शत्रूचा फासा पंधराच्या वर पडला तर माया तुटली. अण्णांनी यातलं भुलवणं तेवढं मनावर घेतलं. किल्ल्यावरच्या पहारेकऱ्यांना त्यांनी लग्नाची पंगत दाखवली, आणि पानात डावीकडे मिठापासून वाढायला सुरुवात केली. माझा निन्जा तलवार उपसून छपराला उलटा लटकलेला. कोशिंबीर झाली, सार झालं, ओबट्टूवर, म्हणजे त्यांच्याकडच्या पुरणपोळीवर, तूप पडलं. मी विचारलं, "अण्णा, आता मारू?" ते दुखावलेच. "जेवतायत रे ते! पानावरून माणसाला उठवतात होय?" त्या दिवशी पहारेकरी तृप्त होऊन झोपले आणि किल्ला तसाच राहिला. एकदा मात्र त्यांनी एका हेराला ऑफिसच्या वेळी रिकामा हेब्बाळचा पूल दाखवला. बायकोने फासा न टाकताच माया तुटल्याचं जाहीर केलं. हेर बेंगळुरूचाच होता. एरवी तिला 'पोरगी' म्हणणारे अण्णा आठवडाभर तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होते.

इतका मऊ माणूस फाशाच्या बाबतीत मात्र दगड. फासा सोफ्याखाली गेला तर कुणी हात लावायचा नाही. हे टॉर्च घेऊन, गुडघ्यांना शिव्या घालत वाकणार आणि आकडा वाचणार. अशाच एका आकड्याने माझा निन्जा मेला. मी गयावया केली, तर "आकडा म्हणजे आकडा," म्हणाले आणि माझ्याच घरात दुसरी कॉफी मागितली.

मग माझी पुण्याला बदली झाली. शेवटच्या रविवारीही आम्ही खेळायला बसलो. अण्णांची पाळी आली तेव्हा शत्रूला सोडून ते माझ्याकडे वळले. "माया तुझ्यावर. तू जिना चढून वर येतोयस. रविवार आहे. टेबल इथंच आहे, पोरगी फासे घेऊन बसलीय. कुणी कुठं गेलेलं नाही."

बायको हळूच म्हणाली, "फासा टाक." मी टाकला. तो घरंगळत सोफ्याच्या कडेखाली गेला. अण्णा टॉर्च घेऊन वाकले. बराच वेळ तसेच राहिले.

"नऊ," ते म्हणाले. "फसलास. बस आता."

टॉर्चच्या उजेडात सतराचा आकडा मला खुर्चीवरूनही स्वच्छ दिसत होता. मी बसून राहिलो, आणि त्या दुपारी मला कुणी उठवलं नाही.