पाणी तपासणाऱ्यानं प्यालेलं पाणी

आमच्या प्रयोगशाळेत इन्क्युबेटरचं दार उघडलं की जो वास येतो, तो मला अजून सहन होत नाही. इतक्या वर्षांत सवय व्हायला हवी होती. आंबलेला, कोमट, संडासाच्या आसपासचा वास. पित्त आणि साखर घातलेल्या जांभळ्या द्रावणाच्या नळ्यांत गावोगावचं पाणी सोडायचं, अंगाच्या उबेइतक्या उबेत त्या ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. पाणी चांगलं असेल तर द्रावण जांभळंच राहतं. पाण्यात माणसाची किंवा जनावराची घाण असेल तर ते पिवळं पडतं आणि आतल्या छोट्या उलट्या नळीत वायूचा बुडबुडा धरतो. कोणत्या गावाच्या पिण्याच्या पाण्यात विष्ठा मिसळली आहे हे सांगायचं, एवढीच माझी नोकरी. पाहुण्यांनी विचारलं तर मी "पाणी तपासतो" म्हणून गप्प बसतो, कारण बहुतेक वेळा पुढ्यात ताट असतं.

या कामासाठी विज्ञानाची पदवी लागते, रसायन किंवा सूक्ष्मजीवशास्त्र. मी सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो, वर प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा डिप्लोमा केला. बाटल्या निर्जंतुक कशा करायच्या, ज्योतीजवळ हात कसा धरायचा, नमुना बर्फात कसा आणायचा, सगळं शिकलो. प्रयोगशाळेत काहीही खायचं-प्यायचं नाही, हा पहिल्या तासाचा पहिला नियम होता. प्रयोगशाळेबाहेर काय करायचं, ते कुणी सांगितलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात केज तालुक्यातल्या एका गावात कावीळ सुरू झाली. नांदूरघाटच्या बाजूचं गाव. तिथून आलेले नमुने प्रत्येक वेळी चांगलेच निघत होते, म्हणून मलाच जाऊन नमुने आणायला सांगितलं.

नमुने चांगले का निघत होते ते विहिरीवर पोचताच कळलं. आमची जीप फाट्यावर वळली तेव्हाच कुणीतरी फोन केला होता. विहिरीच्या कठड्यावर पांढरी पावडर सांडलेली, वास नाकात झोंबत होता. क्लोरिन बघायचे थेंब नळीतल्या पाण्यात टाकले तर ते पिवळं होण्याऐवजी थेट नारिंगी झालं, म्हणजे क्लोरिन मापाबाहेर.

"बघा सायब, कसं झाक पाणी हाय," गावात पाणी सोडणारा माणूस म्हणाला.

त्याचा सोबती हसला. "बे, आख्खं पोतंच वतलं का काय इहिरीत?"

"सायबासाठी टाकलं लेका. रोज कुठं टाकतो!"

दोघंही हसले. मलाही हसू आलं, आणि लगेच किळस आली. या लोकांना खरंच वाटत होतं की पाहुणा येणार म्हणून अंगण सारवावं तशी ही विहीर त्यांनी माझ्यासाठी सजवली आहे. त्या पाण्यातले जंतू माझ्या बाटलीत यायच्या आधीच मेले होते. नमुना घेऊन उपयोग नव्हता.

म्हणून मी पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाला जायचं ठरवलं. तिथल्या घरांत आदल्या दिवशी भरलेलं पाणी असणार होतं, पावडर पडायच्या आधीचं.

पाइप गटाराच्या कडेनं नव्हे, गटारातूनच गेला होता. काळं, जाड पाणी, वर प्लास्टिकच्या पिशव्या, डुकरं त्यातच लोळत होती. एका जोडाला सायकलची ट्यूब आणि लुगड्याची चिंधी गुंडाळलेली होती आणि तो जोड गटारात बुडालेला होता. पाणी बंद झालं की रिकामा पाइप बाहेरचं आत ओढतो, हे सांगायला पदवी लागत नाही. मी नाकावर रुमाल धरला. समोरच्या घरातून एक पोर बघत होतं, म्हणून तो पुन्हा खिशात घातला.

शेवटची वस्ती गावापासून जरा तुटून होती. गावात शिरतानाच माझं आडनाव विचारून झालं होतं. आमच्याकडे ते विचारतातच. वस्तीतल्या लोकांनाही ते मी पोचायच्या आधीच कळलेलं होतं. गावातलं आरोग्याचं काम बघणारी आशाताई मला पहिल्याच घरी घेऊन गेली. घरची बाई माझ्याच वयाची असेल. तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, सातवा महिना. पाण्यातून होणारी ही कावीळ पोटुश्या बाईला झाली तर जिवावर बेतू शकते. आशाताईनं ते सांगितल्यापासून ही बाई लेकीसाठी पाणी उकळून ठेवत होती. तिचं काळजीनं ओढलेलं तोंड सगळं सांगत होतं.

मी तिच्या रांजणातून नमुना घेतला. बाटली बर्फात ठेवली. तो जोड मी बघितलेला होता. पण निकाल येऊन वरिष्ठांची सही होईपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही, हा आमचा नियम. मी पेटी बंद केली आणि उठलो.

बाईनं त्याच रांजणातून तांब्या भरून पुढं केला.

"नको ताई, तहान नाही."

डोक्यावर उन्हाचा वणवा होता आणि माझा शर्ट पाठीला चिकटला होता. तिनं तांब्या मागं घेतला नाही, पुढंही केला नाही. शेजारच्या ओट्यावर एक म्हातारा पाय पसरून बसला होता. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आगं, सायबाला आपल्या हातचं चालत नसंल."

"तसं काही नाही, बाबा."

"न्हाई म्हनलं, आसतंय एकेकाचं. आमी कुठं जबरदस्ती करतोय?"

बाईचा चेहरा उतरला. लेक दारात उभी होती, तिनं खाली बघितलं. मी तांब्या घेतला आणि वरून धार धरून सगळं पाणी प्यालो. कोमट पाणी, मातीची चव आणि तिच्याखाली रबराची. ती खरी होती की माझ्या मनातली, सांगता येत नाही. म्हातारा म्हणाला, "आता कसं!" बाई हसली. मला त्या क्षणी स्वतःबद्दल बरं वाटलं, आज सगळ्यात जास्त किळस त्या बरं वाटण्याची येते. चहा मागितला असता तर पाणी उकळलंच असतं. एवढं साधं मला सुचलं नाही.

केजच्या रस्त्यावर मी जीप थांबवली, बाभळीमागे जाऊन घशात बोटं घातली आणि ओकलो. ड्रायव्हर म्हणाला, "काय सायब, ऊन लागलं का?" मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्या रांजणाच्या सगळ्या नळ्या पिवळ्या पडल्या होत्या. प्रत्येकीत बुडबुडा. तो वास मी तोंड न फिरवता घेतला, कारण तेच पाणी मीही प्यालो होतो. अजून उद्याची दुसरी नोंद व्हायची होती, मग सही, मग अहवाल तालुक्याला जाणार. तेवढ्यात आशाताईचा फोन आला.

"साहेब, तुम्ही वस्तीवर काय सांगून गेलात?"

"काहीच नाही."

"मग लोकांनी पाणी उकळायचं कशामुळं बंद केलंय? म्हणतात, तपासणारा साहेबच घटाघटा पेला, आता काय राहिलं? ती पोटुशी पण तसंच प्यायलीय कालपासून."

मी वरिष्ठांना सांगितलंही नाही. एसटीनं केज गाठलं, तिथून वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं गावाच्या फाट्यापर्यंत. वस्तीवर पोचलो तेव्हा बाई भाकरी थापत होती. म्हातारा ओट्यावर होताच.

"ताई, त्या पाण्यात घाण आहे. गटाराचं पाणी मिसळतंय. लेकीला ते देऊ नका. तुम्हीही उकळल्याशिवाय पिऊ नका."

ती पिठाच्या हातानं तशीच थांबली. "काल तर तुमीच पेलात की."

"पेलो. चुकलं माझं."

"म्हंजी तवा ठावं नव्हतं?"

"पाइप बघितला होता. ठाऊक होतं."

"मंग पेलात कावून?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, हात झटकला. "मला वाईट वाटलं आसतं तर मी तुमाला दोन शिव्या दिल्या आसत्या, सायब. सांजच्याला इसरले आसते. माजी लेक उकळून पेत व्हती. तुमचं बघून सोडलं तिनं. लई मोठं मन दाखवलंत आमाला!"

म्हातारा काहीतरी बोलायला गेला. "आबा, तुमी गप बसा," ती म्हणाली.

लेक आतून आली. माझ्यासमोर उभी राहून तिनं बोटानं डोळ्याची खालची पापणी ओढली. "बघा ना भाऊ, पिवळं दिसतंय का?"

मी डॉक्टर नाही. तरी बघितलं. डोळा पांढराशुभ्र होता. पण ही कावीळ लगेच दिसत नाही, काही आठवडे जावे लागतात, हे मला तिला सांगावं लागलं. तिनं पापणी सोडली आणि पोटावर हात ठेवला.

दुसऱ्या सकाळी बाईनं तिला वडवणीला मावशीकडे धाडलं. त्या घरी बोअरचं पाणी होतं आणि तिथला नमुना मी स्वतः तपासला. बाळंतपणाला आलेली लेक माहेरातून अशी हलवली म्हणून सासरच्यांनी बोल लावले, आणि गावाची बदनामी केली म्हणून गावानं बाईला बोल लावले. तो जोड मात्र कुणी बदलला नाही. आमचा अहवाल गेला, पुन्हा पावडर पडली.

मी बाईला फोन करत राहिलो. लेकीचे डोळे कसे आहेत? भूक लागते का? लघवी पिवळी होते का? एक दिवस ती म्हणाली, "सायब, आता फोन करू नगा. तुमचा फोन आला म्हनलं की लेक आरसा घिऊन बसती." मी फोन करणं बंद केलं. त्याऐवजी रोज सकाळी दाढी करताना स्वतःचे डोळे ताणून बघू लागलो. मी ओकून टाकलं होतं, तिनं टाकलं नव्हतं, तरी बघायचो. माझे डोळे पांढरे आहेत म्हणजे तिचेही असतील, असा काहीतरी वेडा हिशोब होता तो.

पावसाळ्यात आशाताई नमुने घेऊन आली तेव्हा तिनं सांगितलं, वडवणीला मुलगी झाली, दोघी ठणठणीत आहेत. मी तिच्या हातातली नमुन्यांची पेटी घेतली.

"ओट्यावरचे आबा मात्र कावीळ होऊन दवाखान्यात होते," ती म्हणाली. "वाचले, पण लई खंगलेत."

ते आधीपासूनच न उकळलेलं पाणी पीत होते, की मला पिताना बघून प्यायला लागले, हे मी तिला विचारलं नाही. आजवर कुणालाच विचारलेलं नाही.