जवाईचा निशाणा

माणूस चार ठिकाणी शहाणा ठरला, तर लोक ते चार दिवसांत विसरतात. एका ठिकाणी फजिती झाली, की मात्र त्या फजितीला पिल्लं होतात. एक किस्सा सांगायला घ्यावा, तर त्याच्या मागून दुसरा, दुसऱ्याच्या मागून तिसरा. माझ्या फजितीची सगळी पिल्लं केनवडला, माझ्या सासुरवाडीत जन्मली. आता एवढी वर्षं झाली, तुम्ही सगळे आपलेच, म्हणून सांगतो. तरी आजही सांगताना कान गरम होतात.

पन्नास-पंचावन्न सालच्या सुमाराच्या या गोष्टी. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातच होतं. मी मंगरूळपीरला कचेरीत कारकून, आणि मामंजी केनवडचे चांगले खाऊन-पिऊन सुखी शेतकरी. ज्वारी, तूर, कापूस, गोठ्यात बैल, दारात दमणी, म्हणजे माणसं बसायची हलकी बैलगाडी. माणसं प्रेमळ. वेड फक्त एकच, तिरकमठ्याचं.

इतरांच्या घरी पाखरं हाकायला गोफण असते. यांच्या घरी पणज्यापासून तिरकमठा. बांबूचा कमठा, अंबाडीची दोरी, तुराटीचा सरळ बाण आणि त्याला लोहाराकडून करून घेतलेलं टोक. पीक घरात आलं, पाखरं उडून गेली, तरी यांचा तिरकमठा खुंटीवर जात नसे. दुपारची जेवणं झाली की अंगणात खेळ सुरू.

आणि घरात एक नियम होता. जवाई बायकोला न्यायला आला, की अंगणातल्या कडुलिंबाला दोरीनं लिंबू टांगायचं. जवाईनं एका बाणात ते पाडायचं, मगच पोरगी दमणीत बसायची.

लग्नाआधी हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

*

पहिल्यांदा गोदाला, म्हणजे आमच्या मंडळींना, आणायला गेलो तेव्हा मला वाटलं, थट्टा असेल. हातात कमठा दिला तेव्हाही थट्टाच वाटली. मग पाहिलं तर ओट्यावर बायका, भिंतीवर पोरं, आणि मधोमध बाजेवर मामंजी गंभीर तोंड करून बसलेले.

माझे साडू रामभाऊ रिसोडचे. अडतीचं दुकान, छाती ही एवढी. त्यांनी म्हणे पहिल्याच बाणात लिंबाची दोरी कापली होती, आणि खाली येणारं लिंबू धावत जाऊन झेललं होतं. हे झेलणं कसं जमलं, ते मी आजवर विचारलेलं नाही. विचारायला तोंड लागतं.

मी दोरी ओढली. सोडली. दोरीनं आधी माझ्या कानाखाली वाजवली, मग टोपी उडवली, आणि बाण माझ्याच पायाशी पडला. अगदी अलगद, कोणी आणून ठेवावा तसा.

आमच्याकडे सासू-सासरे जवायाच्या पाया पडतात, हे तुम्हाला माहीतच आहे. सासूबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "पाहा व माय, बानाले बी रीत समजते. आधी जवाईबापूच्या पाया पडला."

नवा जवाई म्हणून ती खेप माफ झाली. दमणीत गोदा माझ्यासमोर बसली होती. रिसोड येईपर्यंत मी तिच्याकडे पाहिलं नाही.

*

सासूबाई नुसत्या बोलायच्या नाहीत. त्यांचा निशाणा घरात सर्वांत पक्का. अंगणात बाजेवर पापड वाळत घातलेले, आणि त्या आत चुलीपुढे. कोंबडी बाजेवर चढली, की तिथूनच चिंधीचा गोळा बांधलेला बाण सुटायचा. कोंबडी ओरडत खाली, पापड एकही फुटलेला नाही. तव्यावरची भाकरसुद्धा करपायची नाही.

एकदा घरात मी एकटाच होतो आणि कोंबडी बाजेवर चढली. म्हटलं, हा चान्स आहे. कमठा उचलला. तेवढ्यात सासूबाई मागून आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "राहू द्या जवाईबापू. कोंबडी दोनच पापड खाईन."

मी कमठा खुंटीवर ठेवून दिला.

*

आता निळीचा किस्सा.

रामभाऊंचा एक खेळ होता. डोळ्यांना पंचा बांधायचे आणि आवाजावर बाण मारायचे. बाणाला टोकाऐवजी चिंधीचा गोळा, तो कपड्याच्या निळीत बुडवलेला, म्हणजे कुठं लागला ते दिसावं. बैलाच्या गळ्यातली घंटी बाजेला बांधायची, आणि कोणीतरी लांबून दोरी ओढून ती वाजवायची.

दोरी ओढायचं काम माझ्याकडे आलं. गोदाचा भाऊ भगवान म्हणाला, "जवाईबापू, याच्यात तं काई चुकाचं नाई. नुसती दोरी ओढा."

दोरी ओढली, घंटी वाजेना. पुन्हा ओढली, वाजेना. गाठ सुटली असेल, म्हणून मी बाजेजवळ गेलो, घंटी हातात घेतली आणि वाजते का ते हलवून पाहिलं.

वाजली.

नीळ बरोबर कपाळाच्या मध्यावर बसली. रामभाऊंनी पंचा काढला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सरकारी मानूस हाय. शिक्का बसला."

त्या वेळची नीळ पक्की असायची हो! राखेनं घासलं, लिंबानं घासलं, चिंचेनं घासलं. सोमवारी तसाच कचेरीत गेलो. साहेबांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, पुन्हा वर पाहिलं आणि विचारलं, "आज कोणता सण आहे?" मी म्हणालो, "आमच्या सासुरवाडीचा आहे, साहेब." दिवसभर मान खाली घालून फायली लिहिल्या.

*

दुसऱ्या खेपेला गेलो तेव्हा माझ्यासाठी लिंबाऐवजी कोहळं टांगलं होतं. मला पाहताक्षणी मामंजींनी उदार मनानं सांगितलं, "तुमाले सवलत देली, जवाईबापू. लिंबू लहान पडते."

कोहळं केवढं, तर बसायच्या पाटाएवढं. अर्धं केनवड पाहायला आलेलं. न्हावी तर पोराबाळांसकट आला होता. कोणी एक म्हातारा आपले बैल सोडून लांब नेऊन बांधत होता. मला वाटलं, सावलीसाठी असेल. नंतर कळलं, माझ्यासाठीच.

बाण सुटला तो कोहळ्याच्या डावीकडून गेला आणि न्हाणीजवळच्या रांजणात घुसला. सकाळपासून बायकांनी विहिरीवरून आणून भरलेला रांजण. सगळं पाणी अंगणात. मामंजींच्या जोड्यांतसुद्धा पाणी.

कोणी हसलं असतं तर बरं वाटलं असतं. कोणी हसलं नाही. बायका घागरी घेऊन पुन्हा विहिरीकडे निघाल्या आणि मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. त्या वेळी सासूबाईच धावून आल्या. म्हणाल्या, "कशाले तरी लागला न? रांजन का लहान हाय? धाडून द्या पोरीले."

मामंजी बराच वेळ विचार करत बसले. शेवटी हो म्हणाले.

*

यानंतर मी मंगरूळला प्रॅक्टिस सुरू केली. मागच्या अंगणात, गोदा बाहेर गेली की. भिंतीला कोळशानं गोल काढला होता. त्या गोलाला शेवटपर्यंत एकही भोक पडलं नाही.

शेजारी एक रिटायर मास्तर राहायचे. रोज संध्याकाळी ते माझा बाण घेऊन दाराशी यायचे. आवाज चढवायचे नाहीत. म्हणायचे, "हा तुमचा बाण. परवा न्हाणीत होता. काल तुळशीत. आज देवघरात सापडला. प्रगती आहे."

आईनं हे ऐकलं. ती आधीच कावलेली. म्हणाली, "बायको आनाले बान कायले लागते बापा? बैलबंडी लागते!"

*

तिसरी खेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

गोदा दिवाळीला माहेरी गेली होती. मी मार्गशीर्षात न्यायला गेलो. कोहळं टांगलं, एक बाण मिळाला, बाण शेजाऱ्याच्या कडब्याच्या गंजीत गेला. मी कमठा खाली ठेवला आणि वाट पाहू लागलो, की आता सासूबाई काही म्हणतील. सासूबाई बोलायला गेल्याच, पण मामंजी म्हणाले, "नियम म्हंजे नियम. रामभाऊले येक अन् याहिले येक, असं कसं चालन?"

मला वाटलं, थट्टा आहे. दमणी जुंपली, मी चढलो, आणि दमणी निघाली. माझ्यासमोरची जागा रिकामी. गोदा दारात उभी होती. तिच्या हातात तिचं गाठोडं तसंच.

सासूबाई दमणीमागून चार पावलं चालत आल्या. हळूच म्हणाल्या, "मनावर घेऊ नका, जवाईबापू. त्याहिले पोरगी धाडू वाटत नाई. रामभाऊचा निशाना लागला, थोरली गेली, तं दोन दिवस जेवले नाईत. तुमचा लागत नाई, म्हनून तुमच्यावर लय खुश हायेत."

जवाई म्हणून मी त्या घरी कशासाठी आवडत होतो, ते त्या दिवशी कळलं. त्यानं समाधान व्हावं की लाज वाटावी, ते काही कळलं नाही.

मंगरूळला उतरलो, तर मोटारीच्या थांब्यावरच पहिला प्रश्न, "एकटेच? मंडळी कुठं?" आता काय सांगू? कोहळ्याला बाण लागला नाही म्हणून बायको मिळाली नाही? म्हणालो, "तब्येत बरी नाही." कचेरीत तेच सांगितलं. शेजारी तेच सांगितलं. पंधरा-वीस दिवसांनी लोकांनी विचारणं बंद केलं आणि आपसांत बोलायला सुरुवात केली. विहिरीवर बोलणं सुरू झालं, की ती नांदत नाही. कोणी म्हणे नवरा मारतो, कोणी म्हणे तिचंच काही आहे. आई एक दिवस रिकामी घागर घेऊन घरी आली, चुलीपुढे बसली आणि रडली. मला कोणी काही म्हटलं तर मी गिळलं असतं. तिच्या नावाला बोट लागलं, ते गिळता येईना.

*

संक्रांत झाल्यावर पुन्हा गेलो. या वेळी एकटा परत आलो असतो, तर मंगरूळला तोंड दाखवायला जागा नव्हती. आणि गोदाला तर कधीच राहिली नसती.

सकाळी विहिरीजवळ ती एकटी भेटली. लोक काय बोलतात, ते मी तिला सांगितलं. तिनं दोरीचा पीळ सोडवत ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमी काय सांगितलं लोकाहिले?"

"तब्येत बरी नाही म्हणून सांगितलं."

"कोनाची?"

"तुझी."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "मंग आता मलेच बरं व्हा लागन," म्हणाली, आणि घागर उचलून घरात गेली.

दुपारी अंगण भरलं. रामभाऊ खास रिसोडहून आले होते. कोहळं नव्हतं. मामंजी म्हणाले, कोहळ्यानं काही फरक पडला नाही, तर उगाच भाजी कशाला नासवायची. कडुलिंबाला एक वांगं टांगलं होतं, मळ्यातलं, जांभळं, बऱ्यापैकी मोठं. दमणी दारात उभी होती, पण बैल गोठ्यात होते. गोदा ओट्यावर बायकांत बसली होती, गाठोडं मांडीवर घेऊन.

मी कमठा उचलला. भगवाननं मागून कोपर सरळ केलं, रामभाऊंनी सांगितलं, "श्वास रोखा, घाई नका करू." मी श्वास रोखला, घाई केली नाही, आणि बाण सोडला.

वांगं हललंसुद्धा नाही. बाण कडुलिंबाच्या पार पलीकडे, गोठ्याच्या कडेला शेणाच्या ढिगात जाऊन रुतला.

भिंतीवरची पोरं ओरडली. रामभाऊ पंच्यानं तोंड पुसायच्या निमित्तानं हसले. भगवान माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चाला, आता शिमग्याले या, जवाईबापू." मामंजी बाजेवरून उठले. मी जमिनीकडे पाहत होतो. जमीन दुभंगावी असं पुस्तकात लिहितात, ते खोटं नसतं.

गोदा ओट्यावरून उतरली. डोक्यावरचा पदर नीट केला. एवढी पुरुष माणसं बसलेली असताना ती अंगणाच्या मधून चालत कडुलिंबापाशी गेली आणि वांग्याची दोरी सोडली. वांगं हातात घेऊन ती शेणाच्या ढिगापाशी गेली. बाण उपसला, वाळल्या गवतानं टोक पुसलं, आणि तो वांग्यात खुपसला, पार पलीकडे निघेपर्यंत. मग तसंच ते हातात धरून बापासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "लागला."

मामंजींनी वांगं हातात घेतलं. या बाजूनं पाहिलं, त्या बाजूनं पाहिलं. मग पोरीकडे पाहिलं.

"हाव," ते म्हणाले. "मधोमध लागला. भगवान, बैल जुंप."