सांधा नसलेली नळी

"माहीत नाही" हे दोन शब्द मावशीच्या तोंडून मी जन्मात ऐकले नव्हते. चुकली तरी ठासून चुकायची.

तीस वर्षं तिनं शिंप्याच्या दुकानात काज-बटण केलं. दुकान बंद पडलं तेव्हा जुन्या नाण्यांच्या एका व्यापाऱ्यानं तिचा बारीक हात हेरला. तेव्हापासून मातीनं लडबडलेल्या प्राचीन नाण्यांच्या पिशव्या तिच्याकडे येतात. नाणी ती बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्यात भिजत घालते, टूथब्रशनं घासते, सुईनं माती टोकरते. नाणी ओळखायला व्यापारी बसलाय. मावशीचा मान वेगळा. नाण्यांबरोबर चुकून काहीबाही येतं, मोडकी चावी, पट्ट्याचं बक्कल, शिशाचा गोळा. ते काय आहे हे मावशीनं सांगायचं. ओळख नाहीच पटली तर ती चिठ्ठीवर बेधडक 'बटण' लिहायची. म्हणून घरात ती बटणमावशी. गंमत म्हणजे पुष्कळदा ते बटणच निघायचं, आणि मग तिचा तोरा बघवायचा नाही.

व्यापाऱ्याला नको असलेल्या वस्तू आमच्यात वाटल्या जायच्या. गेल्या महिन्यात माझ्या आठ वर्षांच्या लेकीला तांब्याची एक नळी मिळाली. लांबी अर्ध्या करंगळीएवढी, एक टोक बंद. शिंप्यांची सुया ठेवायची नळी, असं मावशीनं जाहीर केलं. लेक तिच्यावर ओठ टेकवून दिवसभर शिट्टी वाजवायची. कान किटले म्हणून मी ती दोनदा लपवून ठेवली होती, आणि दोन्ही वेळा तिनं शोधून काढली.

परवा सकाळी मावशीकडे गेले तर ती खिडकीपाशी तशीच दुसरी नळी घेऊन बसलेली. आतली माती सुईनं कोरत होती.

"बघ, जोडीदार सापडला," म्हणाली आणि बोलता बोलता नळीवरून नख फिरवू लागली. मध्येच नख थांबलं. पुन्हा वरून खाली फिरलं. मग तिनं भिंग उचललं.

"काय झालं?"

"हिला सांधा नाही."

"नसू दे. तुझ्या बोटांना आहेत तेवढे पुरेत की." तिच्या संधिवातावरून मी तिला नेहमी चिडवते.

ती हसली नाही. "पूर्वी पत्रा गुंडाळून नळी करायचे. कापडासारखी शिवण राहतेच. ही अखंड आहे, यंत्रावर केलेली."

"म्हणजे आहे तरी काय?"

"माहीत नाही," मावशी म्हणाली.

तिनं सुई हळूच बाहेर काढली. टोकाला पांढरट भुकटी होती. ती माती नव्हती, हे मलाही कळलं. मावशीनं नळी घडी घातलेल्या कापडावर ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या लेकीची ह्याच पिशवीतली आहे."

आम्ही जिन्यात आलो. घरचा नंबर मला आठवेना, तो मोबाईलमध्ये शोधून लावला. फोन सासूबाईंनी उचलला.

"शाळेला सुट्टी आहे ना, बसलीये फुंकत. डोकं उठवलंय नुसतं. घेऊ का काढून?"

"नको! आई, हिसकावू नका. तिला हळूच गादीवर ठेवायला सांगा. टाकायची नाही, फक्त ठेवायची. आणि दोघी खोलीबाहेर या."

पलीकडे पावलं वाजली. मग लेकीचा फुरंगटलेला आवाज आला. "ठेवली. आता काय?"

मावशीनं माझ्या हातातून फोन घेतला. "बाळा, आत जाऊ नकोस, नुसतं आठवून सांग. त्या नळीला लांबीभर रेघ आहे का गं?"

"आहे की. तूच नखानं दाखवलीस ना? इथं शिवण आहे म्हणालीस."

"हो गं हो. दाखवली होती," मावशी म्हणाली आणि फोन माझ्याकडे दिला. "तिची सुयांचीच आहे. काळजी करू नकोस. आता पोलिसांना लाव."

तिचा आवाज इतका खणखणीत होता की मी लगेच पोलिसांचा नंबर फिरवला.

पोलिसांनी सगळी इमारत रिकामी केली. बॉम्ब निकामी करणाऱ्या पथकातला माणूस तासाभरानं खाली आला. "डेटोनेटर आहे. जुना, पण जिवंत. सुईनं कोणी कोरलं?" मावशीनं शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला. त्यानं तिच्या बोटांकडे पाहिलं. "अजून गव्हाच्या दाण्याएवढं आत गेला असतात, तर हा हात राहिला नसता." पुढं मोकळ्या मैदानावर त्यांनी तो उडवला तेव्हा एवढ्याशा नळीचा आवाज ऐकून मी मावशीचा हात घट्ट धरला.

माझ्या घरीही पोलीस जाऊन आले. लेकीची नळी तपासून त्यांनी परत दिली होती. खरोखरच जुनी, सुयांची. मी तिच्यावरून नख फिरवलं. रेघ लागली. पुन्हा फिरवलं, पुन्हा लागली. तेव्हा कुठं मला रडू फुटलं.

संध्याकाळी मावशीला फोन केला. "तू रेघ दाखवली होतीस हे तुला आठवलं, म्हणून मी तगले गं. नाहीतर जिन्यातच गेले असते."

पलीकडे भांड्यांचा आवाज चालू होता, तो थांबला.

"मावशी? दाखवली होतीस ना?"

"माहीत नाही गं," ती म्हणाली.